दुसरं अंडं

मी आरमोरीकडची, तोंडाची फटकळ. आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा नवऱ्याने हात जोडून सांगितलं होतं, "लेकरायवर ओरडू नको, माय." ओरडायचं काय घेऊन बसलात! ओरडलेलं पोरी दुसऱ्या दिवशी विसरतात. मी जे केलं ते एकदम गोड आवाजात केलं आणि त्याची लाज मला अजून वाटते.

भामरागडच्या पलीकडच्या गावातली एक मुलगी नववीत होती. पोळ्याच्या सुटीवरून आली ती तोंड पाडूनच. आई लहानपणी वारलेली. मोठ्या बहिणीने कडेवर घेऊन वाढवलेलं आणि तीच बहीण आता तापाने अंथरुणावर. रोज संध्याकाळी हजेरी झाली की ही ऑफिसच्या दारात उभी. "मॅडम, घरून फोन आला का?"

"नाई आला वं. आला की सांगीन ना."

मग पाऊस लागला, पुलावरून पाणी गेलं, रस्ता बंद झाला. एका बुधवारी जेवणाच्या थोडं आधी फोन आला. तिचा काका होता. रेंजसाठी टेकडीवर चढला होता, वाऱ्याने अर्धं ऐकू येईना. बहीण गेली, एवढं मात्र ऐकू आलं. "तिले आनता येत नाई आमाले. पन सांगा मॅडम तिले. सांगून द्या," असं तो दोनदा म्हणाला.

मी बरं म्हटलं आणि सांगितलं नाही.

कारणं काय, हवी तेवढी होती. घटक चाचणी सुरू होती. रस्ता बंद असताना सांगून तरी काय फायदा, पोर इथे डोकं आपटेल. हे सगळं मी स्वयंपाकीणबाईला ऐकवलं आणि तिनेही मान डोलावली. खरं कारण वेगळंच होतं. त्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार होते आणि मला वसतिगृहात रडारड नको होती. तिला जवळ घेऊन बसायची माझी हिंमत नव्हती. भित्री मी, दुसरं काय!

बुधवारी पोरींना अंडं असतं, प्रत्येकीला एक. त्या दिवशी वाढताना माझ्या वाट्याचं अंडं मी तिच्या ताटात टाकलं. ती ताटाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "खा ना वं, वाळून राह्यली नुसती," मी म्हटलं. तिने दोन्ही तशीच ठेवली.

संध्याकाळी ती पुन्हा दारात. "मॅडम, घरून फोन आला का?"

"नाई आला."

नऊ दिवस तिने विचारलं, नऊ दिवस मी खोटं बोलले. तिसऱ्या दिवशी तर साहेबांच्या तपासणीने डोकं फिरलं होतं, तेव्हा मी सगळ्या पोरींसमोर म्हटलं, "काऊन वं, कलेक्टरचा फोन येनार हाय का तुले?" पोरी खदाखदा हसल्या. मीही हसले. हे लिहिताना माझे कान तापले आहेत.

पाणी उतरल्यावर काका मोटारसायकलवर आला. तिला सगळं माहीत असेल असं धरूनच तो गोंडीत बोलायला लागला. ती शांतपणे ऐकत होती. मधेच त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो माझ्याकडे वळला. "सांगतलं नाई का मॅडम तुमी?"

"परीक्षा होती ना," मी म्हटलं.

पोर रडली नाही. कपडे पिशवीत भरले आणि गाडीवर बसून गेली.

ती परत येणार नाही असं मला वाटलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं होतं. पण दिवाळीनंतर ती आली. अंडं खाणं मात्र तिने सोडलं. बुधवारी शेजारच्या पोरीला देऊन टाकायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. एकटी बसायची, वर्गातही मागे पडायला लागली.

हिवाळ्यात गडचिरोलीला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विद्यार्थ्यांचं मन कसं जाणावं, असा विषय. आपला एक अनुभव सांगा म्हणाले, तर मी दुसऱ्याच पोरीचा, चांगला शेवट झालेला सांगितला. टाळ्या पडल्या. प्रमाणपत्र ऑफिसात टांगलं आणि त्याच्याखाली तिला खुर्चीवर बसवून म्हटलं, "मन मोकळं कर, बेटा." ती म्हणाली, "जाऊ का, मॅडम?" मला राग आला. बघा आता, राग मला यावा!

यंदा पुन्हा पाऊस, पुन्हा पाणी. ती दहावीत. दुसरीतल्या एका चिमुरडीच्या घरून निरोप आला की तिचा बाप ट्रॅक्टरखाली सापडून गेला. वारही बुधवारच. फोन ठेवला आणि तशीच वाढायला गेले. जेवण होऊ दे, मग बघू, असं स्वतःला सांगत होते. माझा हात त्या लेकराच्या ताटात दुसरं अंडं ठेवायला गेला.

शेजारी भात वाढत असलेल्या त्या दहावीतल्या पोरीने माझं मनगट धरलं.

"मॅडम, हिच्या घरून फोन आला का?"

वर्षभरात हा प्रश्न तिने विचारला नव्हता. माझ्या तोंडून पुन्हा 'नाई'च निघणार होतं. ती मनगट सोडेना.

"आला," मी म्हटलं.

"मंग अंडं नका देऊ. सांगा तिले. मी बसतो तिच्यापाशी."

आम्ही तिला व्हरांड्यात नेलं. मी कसंबसं, अडखळत सांगितलं. लेकरू इतकं रडलं की मला पळून जावंसं वाटलं. ही मात्र भिंतीला टेकून तिला मांडीवर घेऊन बसली, गोंडीत काहीबाही बोलत राहिली. ते लेकरू तिथेच झोपलं तेव्हा मी हिला विचारलं, "तुले तेव्हाच समजलं होतं का वं?"

"पहिल्याच दिवशी. तुमी कधी कोनाले दोन अंडे देता का?"

"मंग रोज काऊन विचारत होती मले?"

तिने त्या लेकराच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"तुमी सांगान म्हनून."