मागितली असतीस तर

लढाई चालू होती तेव्हा वाशीमच्या स्टेशनापलीकडे लष्कराची छावणी पडली होती. तिथे मी सुतार म्हणून लागलो. पेट्या, खाटा, तंबूच्या खुंट्या, सांगतील ते करायचं. दोन वेळची भाकर तिथेच मिळे. मजुरी किती ते कामावर घेणाऱ्या बाबूने सांगितलं. कधी मिळणार ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कशाला विचारणार? आमच्याकडे सुताराने वर्षभर वखर, तिफणी नीट करून द्यायच्या आणि सुगी झाली की खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याची ज्वारी आणायची. मधेच हात पुढे केला तर कास्तकाराला वाटतं, याचा आपल्यावर भरवसा नाही. सरकार तर सगळ्यांत मोठा कास्तकार. बाकीचे महिन्याच्या महिन्याला बाबूकडून पैसे आणत, ती मला उचल वाटे. मी आपला सुगीची वाट पाहत रंधा मारत राहिलो. आज हे लिहितानाही स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

सुगीला शेलूबाजारजवळच्या आमच्या गावी आलो, तर खळ्यावर दुसऱ्याच गावचा सुतार पोतं भरत होता.

"तू सरकारचं काम करून राह्यला नं बावा?" कास्तकार म्हणाला. "मंग सरकारच्या खळ्यावर जाय. आमचे वखर यानं नीट केले."

त्याचं काही चुकलं नव्हतं. घरी ज्वारीची कणगी रिकामी. बायको म्हणाली, "लष्कराचे पैसे घेऊन या. नाही तं वर्षभर लेकराइले काय घालू?"

मी तसाच वाशीमला गेलो. छावणी उठत होती. मी केलेल्या पेटीवर बसून बाबू विडी ओढत होता.

"मजुरी दर महिन्याला वाटली," तो म्हणाला. "तू कधी आला नाहीस. तुझा हिशेब बंद झाला."

"मी रोज तुमच्या डोयासमोर काम करत होतो. एका शब्दानं सांगतलं काहून नाही?"

"मागितली असतीस तर दिली असती."

हे तो हसत म्हणाला. माझी मजुरी कुणाच्या खिशात गेली ते मला त्या हसण्यातच कळलं. लाकूड तासायचा वाकस पिशवीत होता, हे त्याचं नशीब. पैसे घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणून मी दुसऱ्या पेटीवर ठाण मांडलं. दोन शिपायांनी मला दंडाला धरून छावणीच्या तारेच्या कुंपणाबाहेर ढकललं. पेटी मात्र त्यांनी जपून उचलली.

ते वर्ष आम्ही नवराबायकोने लोकांच्या वावरात राबून काढलं. तेव्हापासून वखराचा दांडा असो की खिडकीची चौकट, आधी पैसे, मग काम. गाव मला पैशाचा भुकेला म्हणतं. म्हणू दे. छावणीत कुणी आलं होतं का माझ्या बाजूने बोलायला?

पुढे धाकट्या भावाला पहिली मुलगी झाली. तो डोक्यावर सागाच्या फळ्या घेऊन पाळणा सांगायला आला. मी हात पुढे केला. तो माझ्या हाताकडे पाहत राहिला. मग त्याने फळ्या उतरवल्या आणि हातावर पैसे ठेवले.

पाळणा मी चांगला केला. बारशाचं बोलावणं सगळ्या गावाला गेलं, माझ्या घरी आलं नाही.