दसऱ्याच्या सकाळचा लाल चौकोन

लग्नानंतरचं आमचं सगळ्यात मोठं भांडण एका रंगावरून झालं. माझा नवरा फलटण भागातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर हंगामी कामगार होता. मी घरी बसून पुण्यातल्या एका लहान कंपनीसाठी प्रोग्राम लिहायचे, अजूनही लिहिते. माझं काम म्हणजे ड्रायव्हर. कॉम्प्युटरला नेटवर्क कार्ड जोडलेलं असतं, त्यातून बाहेरची माहिती आत येते. पण ते कार्ड जागेवर आहे का, धड बोलतंय का, हे कॉम्प्युटरला आपणहून कळत नाही. ते बघणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी त्याचं कौतुकही करत नाही.

त्या वर्षी कारखान्याने बॉयलरची देखरेख आमच्याच कंपनीच्या कॉम्प्युटरवर टाकली. बॉयलरच्या माथ्यावर पाण्याचा ड्रम असतो. त्यात पाणी किती आहे हे मोजणारं यंत्र वर, तिथून तार खाली कार्डापर्यंत आणि आकडा कंट्रोल रूमच्या पडद्यावर. ड्रममध्ये पाणी नसताना खाली आग पेटली तर बॉयलर फुटून काय होतं, हे कारखान्याच्या गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि पेटवताना भट्टीच्या तोंडाशी जो माणूस उभा राहणार होता, तो माझा नवरा होता.

जुना ड्रायव्हर उघडून बघितला आणि माझं डोकंच फिरलं. सुरू होताना तो कार्डाला एकदाच हाक मारायचा. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर गप्प. पडद्यावर मागचा जुना आकडा तसाच राहायचा, हिरव्या चौकोनात. कार्ड मेलेलं आणि पडदा सांगतोय, सगळं झकास! ज्याने हे लिहिलं तो सापडला असता तर त्याला मी भर हंगामात ड्रमशेजारी बसवून ठेवला असता. मी ते सगळं उपटून नवीन लिहिलं. कार्ड उठायला उशीर करत असेल तर ड्रायव्हर थांबायचा, पुन्हा विचारायचा, आणखी थोडं थांबून परत विचारायचा. तरीही उत्तर आलं नाही तर आकडा पुसून चौकोन लाल करायचा आणि त्यात लिहायचा, ‘पाण्याची पातळी कळत नाही’.

हे दाखवायला मी कारखान्याच्या चीफ इंजिनियरांसमोर तार उपटली. लाल चौकोन बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मॅडम, दसऱ्याला अग्निप्रदीपन आहे, हंगामाचा बॉयलर पेटवायचा. चेअरमन साहेब येणार, त्यांच्या मिसेस येणार, फोटोवाले येणार. ऐन मुहूर्तावर लाल अक्षरं बरी दिसत नाहीत. तेवढा एक दिवस काही झालं तरी हिरवंच राहील असं करा. दुसऱ्या दिवसापासून लावा तुमचं लाल.”

“आणि त्याच दिवशी कार्ड बंद पडलं तर?”

“दसऱ्याला कशाला बंद पडतंय?”

मी लॅपटॉप मिटला आणि घरी आले. बोलणं माझ्याआधी घरी पोचलं होतं.

“साहेब म्हणत्यात तसं कर की,” नवरा जेवताना म्हणाला. “यंदा मला कायम करायचं चाललंय. आत्ताच कशाला वाकडं घेतीस?”

“भट्टीम्होरं तुमी उभं राहणार हाय. साहेब न्हाई.”

“लय वर्सं उभा ऱ्हातोय. तुझ्या पडद्याआदी बॉयलर पेटत नव्हतं व्हय?”

पेटत होते. तेच तर माझ्या मनाला लागलं. पूर्वी पडदा नव्हता, तेव्हा एक माणूस वर ड्रमच्या पाणी दाखवणाऱ्या काचेपाशी उभा राहायचा. पडदा आला आणि तो माणूस कमी केला. हे मी त्याला सांगितलं, जरा जास्तच मोठ्या आवाजात. मग दसऱ्यापर्यंत आमच्यात अबोला. ताटात भाकरी आदळायची, तेवढाच काय तो आवाज. चौकोन मी लालच ठेवला.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी सगळं बंद. पाने-पकडी, हातोडे, पंप, मोटारी, सगळे घासूनपुसून लख्ख करतात आणि हळदीकुंकू वाहतात. कंट्रोल रूममधल्या माणसांनी मनापासून काम केलं. वर्षभर ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही तो कॉम्प्युटरचा डबा उघडला, ब्लोअरने धूळ उडवली, आतली कार्डं काढून एकेक पुसली, परत बसवली, डब्याला कुंकवाची बोटं ओढली आणि वर झेंडूची माळ घातली. त्यांच्या भक्तीत काही उणं नव्हतं. मला मात्र यातलं कोणी काही सांगितलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी कर्ण्यावर सनई लागलेली. भट्टीपुढे रांगोळी, गुरुजी, चेअरमन साहेब सपत्नीक आणि बाजूला नवी टोपी घालून मशाल धरलेला माझा नवरा. मी कंट्रोल रूममध्ये. दारातून मला तो दिसत होता, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

कॉम्प्युटर चालू केला. ड्रायव्हरने कार्डाला हाक मारली. थांबला. पुन्हा मारली. चौकोन लाल झाला.

“मॅडम, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?” चीफ इंजिनियर दातओठ खात म्हणाले.

“साहेब, कार्ड सापडत नाही.”

“काल पूजेला काढून पुसलं हुतं,” मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

“पाणी पहाटे भरलंय, मी स्वतः बघितलंय. पडदा बंद करा.” त्यांनी बटणाकडे हात नेला.

बाहेर गुरुजींनी मशाल पेटवायला सांगितली होती. मी उठून दारात गेले आणि सनईच्या वर आवाज काढून ओरडले, “आवं! पाणी कळत न्हाई! पेटवू नगा!”

सगळी गर्दी वळली. कोणीतरी हसलं. नवऱ्याचा चेहरा मला वाचता येईना. चारचौघांत बायकोने अशी हाक मारली म्हणून तो आता भडकणार, असं मी धरूनच चालले. त्याने मशाल शेजारच्याच्या हातात दिली आणि लोखंडी जिना चढू लागला. तो वर दिसेनासा झाला तशी मला खरी भीती वाटायला लागली. गुरुजी घड्याळ बघत होते. चेअरमन साहेबांच्या मिसेस पदराने वारा घेत होत्या.

तो खाली आला. “पाणी हाय,” तो म्हणाला.

एकदम हशा पिकला. “बघा मॅडम! उगाच गोंधळ,” चीफ इंजिनियर म्हणाले. माझे कान तापले. जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. चेअरमन साहेबांनी मशालीसाठी हात पुढे केला. नवऱ्याने शेजारच्याकडून मशाल घेतली, पण पुढे केली नाही.

“पाणी आत्ता हाय, साहेब,” तो म्हणाला. “आग लागल्यावर हाय का न्हाई, ते मला खालनं कोण सांगणार?”

“अरे, पहाटे भरलंय ना!” चीफ इंजिनियर ओरडले.

“व्हय. पर पडदा म्हणतोय त्याला ठावं न्हाई. मग मलाबी ठावं न्हाई.”

सनई बंद करायचं कोणाला सुचलं नाही, ती वाजतच राहिली. चेअरमन साहेबांनी वळून माझ्याकडे बघितलं. “किती वेळ लागेल?”

“बघते,” मी म्हणाले. दुसरं काही खरं सांगण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

कॉम्प्युटर बंद केला, माळ काढली, डबा उघडला. कार्ड एका कोपऱ्याने किंचित वर आलेलं होतं. अंगठ्याने दाबून बसवलं. घाईत स्क्रू दोनदा खाली पडला. परत चालू केलं. ड्रायव्हरने हाक मारली. उत्तर नाही. थांबला. पुन्हा हाक. नाही. मनातल्या मनात मी त्या कार्डाला नाही नाही ते बोलले. मग पडद्यावर आकडा उमटला आणि चौकोन हिरवा झाला.

मी दारात आले तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. गुरुजी पळी-पंचपात्राची आवराआवर करत होते. चीफ इंजिनियर माझ्या नवऱ्याकडे डोळे वटारून बघत होते. या वर्षी काही आपण कायम होत नाही, हे त्याला तिथेच कळलं असणार. मला तर कळलंच होतं. आणि झालंही तसंच.

“चला, मुहूर्त तर गेला. तूच पेटव आता,” चेअरमन साहेब म्हणाले. नवरा हलला नाही. “अरे पेटव की,” ते पुन्हा म्हणाले. एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून तो माझ्याकडे बघत उभा होता. मी मान डोलावली, तेव्हा त्याने मशाल आत घातली.