आरशाच्या कपाटाचे धनी

दाजी गेल्याची बातमी मला वाशीहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं सांगितली. धाराशिवच्या स्टँडवर मी भाजीची पिशवी घेऊन उभी होते. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "बाई, तुमचे दाजी गेले बघा पहाटं. अक्कानी निरोप दिलाय, सावकाश या म्हणल्यात." सावकाश या... माझ्या थोरल्या बहिणीनं, नीलाक्कानं, नवरा गेल्याच्या दिवशीसुद्धा मला धावपळ करू दिली नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही घाई नव्हती. शिवप्पा, म्हणजे माझे दाजी, वाशीचे आडत व्यापारी. हा माणूस मला इतक्या वर्षांत एकदाही आवडला नव्हता. आमच्यात माणसाला पुरतात, तेही बसवून. दाजींना खड्ड्यात मांडी घालून बसवलेलं पाहिलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा निवांत बसला. असं मनात यायला नको होतं, पण आलं.

दोन आठवड्यांनी गावात शोकसभा झाली. मी मागं बायकांत बसले होते. एकानं सांगितलं, दाजी रसिक होते. दुसरा म्हणाला, जुन्या वस्तूंतून घर कसं सजवावं हे महाराष्ट्रानं त्यांच्याकडून शिकावं. महाराष्ट्रानं! तिसऱ्यानं तर दाजींच्या बैठकीतल्या सुतळीच्या खुर्चीवर कविताच वाचली. त्या सभेतून बाहेर पडताना या पुरवणीच्या संपादकांनी मला गाठलं आणि 'शिवप्पांचं घर' या विषयावर लिहा म्हणून गळ घातली. लिहिते. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का, असं कुणी म्हणेल तर त्यानं इथंच थांबावं.

आई लवकर गेली म्हणून मी लहानपणीच अक्काच्या सासरी राहायला आले. निजामाचं राज्य होतं. दाजी तेव्हा पंचविशीचे, अंगानं किडकिडीत, पण चाल तहसीलदाराची. त्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं, आपलं घर अंमलदाराच्या बंगल्यासारखं दिसलं पाहिजे. तालुक्याच्या पेशकारसाहेबांची बदली हैदराबादला झाली, तेव्हा त्यांनी जड सामान विकायला काढलं. दाजी गाडी घेऊन पहाटेच हजर! संध्याकाळी घरी आलं ते एक शिसवी कपाट, दाराला माणूसभर उंचीचा आरसा, वेतानं विणलेल्या सहा खुर्च्या, एक आरामखुर्ची, आणि टोप्या अडकवायचा आठ खुंट्यांचा एक खांब. आमच्या घरात टोपी घालणारं डोकं एकच होतं. उरलेल्या सात खुंट्यांकडं बघून दाजींचा ऊर भरून येत असे.

त्या दिवसापासून बैठकीच्या खोलीत माणसांना थारा राहिला नाही. खुर्च्यांवर गोणपाट टाकलेलं असायचं, वेत झिजू नये म्हणून. खुर्च्यांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. पाहुणा आला की दाजी गोणपाट बाजूला सारून खुर्ची दाखवायचे आणि पाहुण्याला घोंगडीवर बसवायचे. स्वतःही घोंगडीवरच बसायचे. एकदा वाशीच्या बाजाराला आलेले एक म्हातारे शेतकरी, पायांनी थकलेले, सरळ आरामखुर्चीत जाऊन टेकले. दाजींचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या छातीवर बसलं. "मामा, ती खुर्ची बसायची न्हाय," ते म्हणाले. म्हातारे उठता उठता म्हणाले, "मंग कशाची हाय रं बाबा?" दाजींनी खुर्चीवर पुन्हा गोणपाट ओढलं.

अक्का या सगळ्यात स्वयंपाकघर, माजघर आणि परसू एवढ्यात वावरायची. पण तिची नजर... कडब्याची गंजी रचताना गडी पेंढ्या कशा एकाआड एक लावतात, हे ती उभी राहून बघायची आणि मग फडताळात तांब्या-पेले तसेच एकाआड एक मांडायची. करडई फुलली की रानातून येताना म्हणायची, "कमळे, ह्यो रंग ध्यानात ठिव." मग जुन्या लुगड्याच्या काठातून तोच नारिंगी धागा शोधून वाकळेच्या कडेला टाका घालायची. तिचं बोलणं साधं असे, "जी वस्तू रोज हाताला लागती, ती डोळ्याला बी बरी दिसली पायजे." दाजी हे ऐकून हसायचे. बायकांचे चाळे म्हणायचे.

मग निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष आलं. रझाकारांच्या भीतीनं गावं रिकामी होऊ लागली. रोज कुणी ना कुणी सांगायचं, अमुक गावचे लोक हद्द ओलांडून बार्शीला गेले. बार्शी इंग्रजांच्या मुलखातली, आता स्वतंत्र हिंदुस्थानातली; तिथं पोचलं की सुटलो, असं सगळे म्हणत. एका दुपारी दाजींनीही ठरवलं. गाडी एकच होती. भाड्याची दुसरी गाडी गावात उरली नव्हती. अक्काला पाचवा महिना होता.

दाजींनी गाडीत काय घातलं असेल? कपाट. चार माणसांनी ते आडवं करून चढवलं आणि गाडी भरली. खुर्च्या, आरामखुर्ची, टोप्यांचा खांब परसातल्या कडब्याच्या गंजीत लपवले. कपाटाच्या कडेच्या सांदीत ज्वारीचं पोतं, भांडी आणि दोन वाकळा. आरशाचं दार बिजागरीतून काढून वेगळं ठेवलं होतं. दाजी मला म्हणाले, "कमळे, वर चढ. आरसा धर. हादरा बसू दिऊ नगंस." मी पंधरा वर्षांची होते. वाकळेत गुंडाळलेला आरसा मांडीवर उभा धरून मी गाडीत बसले आणि अक्का गाडीमागून चालू लागली.

हे मला लिहिलं पाहिजे, की त्या वेळी मला अभिमान वाटला होता. इतकी महागाची वस्तू दाजींनी माझ्या हातात दिली, कारण माझे हात स्थिर आहेत, असं मला वाटलं. तेरखेडा मागं पडलं, येरमाळ्याचा माळ आला, धुळीत मागं अक्काचं डोकं वर-खाली होत होतं. मी दोनदा म्हणाले, "अक्का, तू बस, मी चालते." ती म्हणाली, "गप बस, आरसा धर." मी गप बसले. दुसऱ्या दिवशी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं वाकळ सोडायला लावली. आरशात त्याला स्वतःच्या मिशा दिसल्या. त्यानं त्या नीट वळवल्या आणि जा म्हणाला. दाजी ही गोष्ट पुढं आयुष्यभर हसत हसत सांगायचे. त्या नाक्यावर अक्का एका दगडावर बसली होती आणि तिला उठवायला दोन बायका लागल्या, हे ते कधी सांगत नसत.

बार्शीत तिसऱ्या दिवशी अक्काचं पोट पडलं.

राहायला एका वखारीच्या मागची खोली मिळाली होती. कपाट दारातून आत जाईना. दाजींनी ते ओसरीवर उभं केलं, आरसा पुन्हा बसवला आणि पावसाची झड लागू नये म्हणून पुढं तरट टांगलं. एका दिवशी वाऱ्यानं ते तरट उडालं. वखारवाल्यांचा बोकड ओसरीवर आला, त्याला समोर दुसरा बोकड दिसला, त्यानं मागं सरून अशी धडक दिली की आरशाचा चुरा झाला. दाजी तिथंच खाली बसले आणि रडले. ढसाढसा रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. मूल गेलं तेव्हा ते बाजारात भाव काढायला गेले होते. मी त्यांच्याकडं बघत उभी राहिले आणि माझ्या मनात या माणसाविषयी जे होतं नव्हतं ते सगळं त्या क्षणी वाळून गेलं.

अक्का महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मग एका सकाळी उठली. मला म्हणाली, "ह्या भिंतीकडं बघू बघू कटाळा आला. चुना आण." चुन्यात तिनं चिमूटभर नीळ कालवली. खोली सकाळच्या आभाळासारखी झाली. वखारीच्या मागं मोडक्या सामानाचा ढीग होता, तिथं ती जाऊ लागली. एक निखळलेलं जुनं दार आणलं, विटांच्या दोन रांगांवर ठेवलं, बसायला बाक झाला. बूड नसलेली खुर्ची आणली, बाजेसारखी सुतळीनं विणली. गोणपाटावर लुगड्याच्या धाग्यांनी करडईची फुलं काढली आणि ते दाराला लावलं. आरशाच्या कपाटाचं उरलेलं धूड तिनं एका सुताराकडून कापून घेतलं. वरच्या अर्ध्याची मांडणी झाली, खालच्या अर्ध्यात ज्वारी राहू लागली. दाजी कापताना तिथं थांबले नाहीत. "लोक हसतील. आपण काय भिकारी हाय का?" एवढं म्हणून निघून गेले.

लोक हसले नाहीत. वखारवाल्यांच्या सूनबाई बघायला आल्या, त्यांनी डॉक्टरीणबाईंना आणलं, डॉक्टरीणबाईंनी आपल्या घरी अक्काला नेलं आणि माळ्यावरचं जुनं सामान उतरवून विचारलं, यातून काय करता येईल. एके दिवशी गावातले मोठे वकील डॉक्टरांबरोबर आमच्या खोलीवर आले. सुतळीच्या खुर्चीवर बसले, भोवती बघितलं आणि म्हणाले, "वा! ही दृष्टी कुणाची?" अक्का चुलीपाशी होती. दाजींनी घसा साफ केला. "आमची आवड पहिल्यापासूनच जरा निराळी हाय," ते म्हणाले.

ते वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं, की मोजणं सोडलं. निजामाचं राज्य संपलं, आम्ही वाशीला परतलो, अक्काला मुलगा झाला, तिनं ते घर तसंच, हळूहळू, हाताला लागेल त्यातून उभं केलं. पुण्या-सोलापूरहून लोक बघायला येऊ लागले. दाजी त्यांना खोल्याखोल्यांतून फिरवायचे, "ही मांडणी पेशकारसाहेबांच्या कपाटाची, मी कापून घेतली" म्हणायचे आणि अक्का चहा आणायची. मी शिक्षिका झाले, धाराशिवला राहू लागले, सुट्टीत जायचे आणि हा खेळ बघायचे. एकदा मी पाहुण्यांसमोर म्हणाले, "दाजी, कापताना तुम्ही तिथं नव्हता." ते हसले. पाहुणेही हसले. मेहुणीची थट्टा समजून गेले सगळे.

परवा, दाजींना जाऊन महिना झाला तेव्हा, मी अक्काकडं राहायला गेले. ती त्यांच्या खोलीत बसून तांदूळ निवडत होती. मला इतक्या वर्षांचं जे बोलायचं होतं ते बोलून टाकलं. तो माणूस लाकडावर प्रेम करणारा होता, म्हणाले. पाच महिन्यांच्या बाईला त्यानं बार्शीपर्यंत चालवलं आणि लाकूड गाडीत घातलं. आणि मीही, म्हणाले... मीही त्या गाडीत बसले होते, अक्का.

अक्कानं सूप खाली ठेवलं. "गाडीत एकच माणूस मावत व्हतं," ती म्हणाली. "ते मला म्हणले, तू बस. म्या म्हणलं, पोरगी वयात आलीया, दिवस वंगाळ हायत, तिला वर बसवा, वाकळंआड. ते लई वेळ न्हाय म्हणत व्हते."

मी म्हणाले, "पण कपाट उतरवलं असतं तर आपण दोघीही बसलो असतो."

"व्हय."

"मग?"

अक्का बोटांनी तांदूळ पसरत राहिली. "उतरवा म्हणून म्या बी म्हणलं न्हाय, कमळे. अंगभर दिसंल असा आरसा म्या जल्मात पहिल्यांदा बघितला व्हता. घरात कुणी नसलं की म्या त्याच्याम्होरं जाऊन हुबी ऱ्हायाची... मला बी तो न्यायाचा व्हता."

दाजींना मी आजही माफ केलेलं नाही. आरशासाठी रडलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि त्याच्या रसिकतेच्या गोष्टी खोट्या आहेत, हे या लेखात लिहून ठेवते. पण त्याच्यावर टाकायचा सगळा भार आता त्याच्या एकट्याच्या अंगावर बसत नाही, एवढं मला त्या खोलीत कळलं.

त्या खोलीत म्हातारपणी दाजी भिंतीला टेकून बसायचे, एकाच जागी, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. तिथला गिलावा पाठीच्या घासण्यानं गुळगुळीत झालाय आणि डोकं टेकायचं तिथं तेलाचा काळपट गोल उमटलाय. पुढच्या आठवड्यात घराला रंग देणारे येणार आहेत. भाचा मापं घेत होता. अक्का त्याला म्हणाली, "सगळं घर घे. ही एक भिंत तेवढी ऱ्हाऊ दे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "राहू दे."