स्पीकरवरचा हात

तळोद्याच्या बसस्थानकामागे गाड्यांना टेप बसवून देणाऱ्या त्या माणसाला आम्ही सगळे नुसतं 'भाऊ' म्हणतो. डोंगरात जाणाऱ्या बहुतेक जीपगाड्यांमधली गाणी त्यांच्याच हातची. लग्नातल्या डीजेवर बरीच वर्षं काढली, त्यात कान गेले. आता ते समोरच्याच्या ओठांकडे बघतात आणि स्वतः फार मोठ्याने बोलतात. नवा टेप लावला की दारातल्या स्पीकरवर तळहात ठेवून गिऱ्हाइकाला विचारतात, "आवाज साफ शे ना?"

माझ्या गाडीत कंपनीचा सीडीवाला टेप होता आणि मला मोबाईलमधली गाणी ऐकायची होती. भाऊंनी तो टेप काढला, पण एकही वायर कापली नाही.

"कंपनीनी वायर कापानी नही सर, जोडानी!" ते ओरडले.

नवा टेप सुरू झाल्यावर मी मोबाईलवरचं होळीच्या नाचाचं रेकॉर्डिंग लावलं. भाऊंनी स्पीकरवर हात टेकला.

"ढोल समजस," ते म्हणाले. मग पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "बासरी वाजी ऱ्हायनी का?"

मी होकाराची मान हलवली.

"कशी वाजी ऱ्हायनी?"

मी त्यांचा दुसरा हात हातात घेतला आणि तळहातावर बोट फिरवू लागलो. सूर चढला की बोट वर, उतरला की खाली. भाऊंनी डोळे मिटले.

गाणं संपलं. माझं बोट मात्र थांबेना.