गाठ कशामुळं आली
सांगलीत केमोचं पहिलं सलाईन घेऊन मी साताऱ्याला परतले, तोच माझा थोरला भाऊ आटपाडीहून बघायला आला. पाण्याचा तांब्या बाजूला सारून तो मालकांना म्हणाला, "दाजी, तुमीच तिला टेन्शन देऊन देऊन हे दुखणं लावलंय."

आमचे मालक फौजेतून निवृत्त. तापट, हे खरंच. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचे. सगळ्या गल्लीला त्यांचा आवाज माहीत, त्यामुळं माझ्या छातीतल्या गाठीचं कारण लोकांना लगेच सापडलं. भेटायला येणारी प्रत्येक बाई हात धरून म्हणायची, "लय मनाला लावून घेतलंस गं. आता तरी आनंदात राहा." उलट्यांनी जीव नकोसा झालेला असताना आनंदात कसं राहायचं, ते मात्र कुणी सांगत नव्हतं. उलट वाटायचं, रडले तर दुखणं वाढेल आणि त्याचाही दोष माझ्याच माथी येईल.

भाऊ बोलून गेल्यापासून मालक गप्पच झाले. भात करपला तरी मान खाली घालून जेवायचे. त्या शांततेचंही मला ओझं व्हायला लागलं.

पुढच्या खेपेला सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत होत्या. मालक एकदम उभे राहिले, साहेबापुढं राहावं तसे ताठ. "मॅडम, हिला हे माझ्यामुळं झालं का? मी लय रागीट हाय."

"बसा काका," त्या म्हणाल्या. "ताणामुळंच कॅन्सर होतो, असं ठामपणे सांगता येत नाही. ताणात झोप जाते, जेवण जातं, माणूस दुखणं अंगावर काढतो. त्यानं नुकसान होतं. पण ही गाठ तुमच्या रागानं आली, असं मी म्हणणार नाही."

बाहेर बाकावर बसून मालक तोंडाला रुमाल लावून रडले. जाणारी-येणारी माणसं बघत होती. सलाईन मला लागायचं होतं, आणि समजूत मीच काढत होते. "आवं, पुरं आता," मी म्हणाले. रागानं गाठ आली नसेल; पण तो राग मी सोसला होताच की. हे बोलायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं.

उपचार संपले. केस परत आले, तान्ह्या पोरासारखे मऊ. तपासणीला अजून जावं लागतं. मालकांचा आवाज अधूनमधून चढतो, मग ते मधेच थांबतात.

परवा भाऊ डाळिंबं घेऊन आला. मी त्याला म्हटलं, "दादा, दाजींमुळं न्हाई झालं ते. डॉक्टरांनीच सांगितलं."

"मग कशामुळं?"

"कुणालाच ठावं न्हाई."

त्याला ते पटलं नाही. थोडा वेळ गेल्यावर तो आणि मालक बाहेर बसून डाळिंबाच्या बागेचं बोलायला लागले. चहा टाकायला हवा होता. मी आत जाऊन आडवी झाले.