मिठागराच्या बांधावर

ऐंशीचं दशक संपायला तीन वर्षं होती. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये माझी बावीस वर्षं झाली होती. रँक मेजर. उजव्या खुब्याचा खराब सांधा काढून तिथे धातूचा बसवला होता आणि आठ आठवड्यांची सिक लीव्ह मिळाली होती. ती मी मुलुंड पूर्वेला भावाकडे काढली. लीव्ह संपली की मेडिकल बोर्ड. पास झाले तर वॉर्डात ड्यूटी, नाहीतर कायमची घरी. मला वॉर्डाशिवाय दुसरं काही येत नाही, त्यामुळे पास होणं भाग होतं.

सर्जन कर्नल होते. त्यांचे हुकूम तीन. खाली वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. उजव्या पायावर गिरकी घ्यायची नाही. वळायचं असेल तर तांगा वळतो तसं, लहान लहान पावलं टाकत. वर म्हणाले, "सांधा माझा आहे, मेजर. तुम्ही फक्त वापरताय."

०५४५ ला उठायचं, बिछान्यातच पायाचे व्यायाम करायचे, ०६३० ला काठी घेऊन बाहेर पडायचं. खुर्चीखाली विटा लावून ती उंच केली होती. कमोडची खुर्ची बाथरूममध्ये कुठे ठेवायची, हे मी खडूने आखून दिलं. भाऊ म्हणाला, "अगं, तू सुट्टीवर आली आहेस की आम्ही ट्रेनिंगला?"

मिठागराच्या बाजूचा रस्ता सपाट, म्हणून मी तिकडे जायचे. रस्ता संपला की बांध सुरू होतो. जानेवारीत तिथे धुकं जमिनीला चिकटून असे. मिठाचे ढीग दिसत, त्यांच्यामागची खाडी दिसत नसे. फक्त चिखलाचा वास येई.

दुसऱ्या आठवड्यात मला माझ्यामागे पावलं ऐकू आली. अमुनिशन बूट, फौजेतले नाल ठोकलेले, माझ्याच चालीने. मी थांबले की तीही थांबत. पण साधा माणूस नुसता थांबतो. परेडवर 'थम' म्हटल्यावर आणखी एक पाऊल पडतं आणि दुसरा बूट त्याला आपटून जुळतो. एक-दो. मागे बरोबर तसं वाजत होतं.

मी आधी काठीचं रबर बदललं. मग काठी न टेकता दहा पावलं टाकून पाहिली. नवा सांधा वाजतो का, हे खुब्यावर हात ठेवून तपासलं. सांधा वाजत नव्हता.

चाल ओळखीची होती. ती कोणाची, हे सांगण्यासाठी दोन वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा मी एका फॉरवर्ड पोस्टवरून पेशंट खाली आणत होते. सिपाई रामस्वरूप, पोटात अपेंडिक्स फुटलेलं. अँब्युलन्स चालवत होता नेहमीचा ड्रायव्हर नाईक दत्ताराम परब, सावंतवाडीकडचा. रस्त्याची कड खचली आणि गाडी नाल्यात गेली. मी स्ट्रेचरच्या चौकटीखाली अडकले. तोंड मागच्या दाराकडे, ड्रायव्हरची केबिन पाठीशी. खुबा मोडला होता, मान वळत नव्हती. माझा हात रामस्वरूपपर्यंत पोचत होता. मी नाडी शोधली. नव्हती.

मागून परबची हाक आली. "मॅडम." मग म्हणाला, "पेशंट बरो आसा मा?"

मी म्हटलं, "बरा आहे."

तो पुनःपुन्हा विचारत राहिला आणि मी दर वेळी तेच उत्तर दिलं. त्याच्या आवाजावरून मला कळत होतं की हाही वाचणार नाही. मदत आली तोवर आवाज बंद झाला होता. त्याचा चेहरा मी पाहिला नाही. मला उचललं तेव्हा त्याच्यावर ब्लँकेट घातलेलं होतं. माझं हाड पुढे आतून मरत गेलं, म्हणून हे ऑपरेशन.

तिसऱ्या आठवड्यात बांधावर 'एक-दो' झाल्यावर आवाज आला. "मॅडम."

बावीस वर्षांची सवय. मागून हाक आली की शरीर आधी वळतं. मी कडक 'पीछे मुड' केलं, उजव्या टाचेवर. खुब्यात कोणीतरी कुऱ्हाड घातल्यासारखं झालं आणि मी पडले. बांधावर कोणीही नव्हतं. मिठागरातल्या दोन बायकांनी मला हातगाडीवरून घरी आणलं. सांधा निसटता निसटता राहिला होता. कर्नल एक्स-रे पाहत म्हणाले, पुन्हा असं झालं तर बोर्डाला माझ्याकडून एकच शिफारस जाईल. बोर्ड आउट.

वहिनी वेंगुर्ल्याची. तिला मी सगळं सांगितलं, कारण खाली का पडलात हे ती चार दिवस विचारत होती. ती हसली नाही. "ताई, मागसून हाक इली तर वळान बघू नकात," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिने विचारलं की त्याचं काही द्यायचं राहिलंय का. मी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं.

बोर्डाच्या आदल्या दिवशी मी ०६३० ला निघाले. धुकं इतकं होतं की काठीचं टोक दिसेना. बांधाच्या मध्यावर बूट वाजले. मी थांबले. एक-दो.

"मॅडम."

मी वळले, पण हुकमाप्रमाणे. लहान पावलं, तांग्यासारखी. पूर्ण वळून उभी राहिले. समोर रिकामा बांध. आणि पाठीमागे, जिकडे आता माझी पाठ होती तिकडे, बूट जुळले. एक-दो.

पटकन वळले असते तर तो दिसला असता, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. एक गिरकी. टाच उचललीही होती. मी ती खाली ठेवली आणि काठी दोन्ही हातांनी धरली.

"पेशंट बरो आसा मा?"

"नाही, परब," मी समोर बघत म्हटलं. "पेशंट गेला. गाडी पडली तेव्हाच गेला. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमची चूक नव्हती. रस्ता खचला."

माझ्या मानेवर गार वारा लागत होता, समोरचं धुकं मात्र हलत नव्हतं. मग एक बूट आपटला, परेड संपल्यावर लाइन तोडण्याआधी वळताना आपटतात तसा. पावलं खाडीच्या दिशेने गेली. तिकडे बांध नाही, पाणी आहे. पाण्याचा आवाज आला नाही.

बोर्डाने मला फिटनेसची खालची कॅटेगरी दिली, पण ड्यूटी दिली. आणखी सहा वर्षं मी वॉर्डात चालले. पेशंट कसा आहे असं कोणी विचारलं, तर आहे तेच सांगितलं.

अपघाताच्या रिपोर्टमध्ये दोघांच्या मृत्यूची वेळ एकच आहे, ०९४०. रिपोर्टवर सही माझी आहे आणि तो चूक आहे. सिपाई रामस्वरूप, वय एकोणीस, ०९४० ला गेला. नाईक दत्ताराम परब, वय चौतीस, १०५० ला गेला. मधली सत्तर मिनिटं तो रामस्वरूपची चौकशी करत होता.