काचेसकट उघडणारं दार

१९९४ साली मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. मिलचं फाटक बंद झालेलं, शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही, आणि कुणापुढे मान खाली घालायची नाही असा स्वभाव. त्या वर्षी दामूमास्टरांनी मला राजेंद्र नगरच्या रस्त्यावरच्या गॅरेजात हाताखाली घेतलं. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, "काका, बाबा गेले." मला रडू नाही आलं, आधी भीतीच वाटली… एक गोष्ट सांगायला आता मी एकटाच उरलो.

मास्टर डेंटिंगचे. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करायचे. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचे आणि कुठे किती बसलंय ते सांगायचे. मिलमध्ये मीही कापडातली खोट अशीच हाताने पकडायचो, म्हणून आमचं जमलं. दोन महिन्यांनी मला कळलं की डोळे मिटले काय अन् उघडे ठेवले काय, त्यांना सारखंच होतं. गॅरेजच्या मालकाला, शेठला, समजलं तर माझ्यासोबत तूही बाहेर, असं ते म्हणाले. तेव्हापासून मी त्यांचे डोळे झालो.

त्यात नव्या गाड्या यायला लागल्या. जुन्यांचं सोपं होतं, मागे पायरीसारखी वेगळी डिक्की. या नव्यांची पाठ छतापासून घसरगुंडीसारखी खाली उतरायची. दिसायला सगळ्या सारख्या, पण काहींची काच जागची हलत नाही, तिच्या खालचं झाकण तेवढं उघडतं. तिला आमच्याकडे फास्टबॅक म्हणत. काहींचं काचेसकट अख्खं दार वर उठतं, बिजागरी छताच्या कडेला. ती हॅचबॅक. हे सगळं मी फार उशिरा शिकलो.

एका डॉक्टरीणबाईंची परदेशातून आणलेली गाडी आली. झाडाची फांदी पडून छताची मागची कड चेपलेली. मास्टरांनी हळूच विचारलं, काच उघडते का रे? आदल्या हप्त्यात अशीच उतरती गाडी आली होती, तिची काच पक्की होती. शेठ समोर उभे. वाकून बघितलं तर म्हणतील, याला एवढंही येत नाही. मी म्हणालो, "माहीत आहे मला. बंद आहे." मास्टरांनी छत आणि दारामधली फट बोटाने चाचपली आणि फांदीचा चर समजून पुट्टीने भरून टाकली. वरून रंगही बसला.

संध्याकाळी बाईंचा ड्रायव्हर दाराशी झटू लागला. शेठ म्हणाले, "मास्टर, ये खुल क्यों नहीं रही?" याला विचारलं होतं, असं मास्टर म्हणाले असते तर का विचारलं तेही सांगावं लागलं असतं. मी चूक कबूल केली असती तरी तेच. मास्टर हसून म्हणाले, "ऐसी पॅक की है शेठजी, चोर का बाप भी नहीं खोलेगा." ड्रायव्हर हसला. शेठ हसले नाहीत. उद्या दुपारपर्यंत नीट करा, एवढं बोलून ते मास्टरांच्या डोळ्यांकडे बघत राहिले… जरा जास्तच वेळ.

मी मास्टरांना सायकलवर डबलसीट स्नेहलतागंजला घरी सोडायचो. त्या संध्याकाळी कृष्णपुऱ्याचा पूल आला. तिथे ते पाठीमागून म्हणाले, "भिया, डोळे गेल्याची भीती मला आता नाही वाटत. तुझ्या 'माहीत आहे'ची वाटते."

माझा चेहरा त्यांना दिसत नाही, याचं त्या दिवशी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना तासभर लवकर घेऊन आलो. ब्लेडने फट मोकळी केली, दार काचेसकट वर उचललं आणि मास्टरांचा तळवा बिजागरीवर ठेवला. मग त्यांना पलीकडच्या उतरत्या गाडीपाशी नेलं. तिची काच ओढून पाहिली, दाबून पाहिली, तरी उघडणारी की पक्की ते कळेना. तेवढ्यात शेठ दारात येऊन उभे राहिले. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, "मास्टर, हिचं मला माहीत नाही."